सात पिवळ्या चिंध्या

स्तोबदानएवढा भित्रा माणूस आमच्या सगळ्या भागात मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी वीस वर्षं त्याच्या तोंडावर सांगत आलो. तो हसायचा. भित्रा म्हटलं की माणसाला झोंबतं, पण याला नाही. "भीती आहे म्हणून तर मी आहे, नोनो," म्हणायचा, आणि पुन्हा वाकून ब्रेकची तार ओढून बघायचा. सकाळपासून तिसऱ्यांदा.

काम आमचं दोघांचं एकच, एकाच मालकाकडे. मनालीकडून सायकलवर निघालेल्या पाहुण्यांना लेहपर्यंत सुखरूप आणून पोचवायचं. मी गाडी चालवायचो. तंबू, भांडी, सामान आणि एक जादा सायकल घेऊन पुढे जायचं आणि जेवणाच्या जागी थांबायचं. स्तोबदान सायकलवर, सगळ्यांच्या शेवटी. कोणी कितीही रेंगाळो, हा त्याच्या मागे. पन्नाशीचा माणूस, गुडघे वाजायचे, पण चढावर त्याला दम लागलेला मी कधी पाहिला नाही. उतारावर मात्र या पठ्ठ्याची तऱ्हा बघण्यासारखी. वळण आलं की खाली उतरायचा आणि सायकल हातात धरून चालायचा. पाहुणे वाऱ्यावर सुसाट खाली जायचे आणि त्यांचा वाटाड्या मागून पायी.

"आचो, बाजारात नुसते ब्रेक मिळतात, बिनसायकलीचे," मी म्हणायचो. "तेवढेच घे ना." मी त्याला आचो, थोरला भाऊ, म्हणायचो आणि तो मला नोनो, धाकटा.

"तू गाडी नीट चालव. आरशात स्वतःचं थोबाड बघू नकोस."

त्याची भीती कुठून आली ते मला ठाऊक होतं. तो सोळा वर्षांचा असताना बाप आणि धाकट्या भावाबरोबर मेंढ्या घेऊन खिंड ओलांडत होता. बर्फ सुरू झालं. बाप पुढे, हा मागे, मेंढ्या मध्ये. बापाला वाटलं धाकटा स्तोबदानबरोबर आहे, स्तोबदानला वाटलं बापाबरोबर. खाली उतरून मेंढ्या मोजल्या, एकूण एक भरल्या. पोरगं मात्र कुणी मोजलंच नव्हतं. ते पुढच्या जूनमध्ये सापडलं.

त्यामुळे स्तोबदान मोजायचा. खिंडीच्या दिवशी सकाळी तो जुन्या पिवळ्या चादरीच्या चिंध्या फाडायचा, जितके सायकलस्वार तितक्या. प्रत्येकाच्या हँडलला एकेक बांधायचा. वर पोचलं की ती सोडायची आणि ल्हातोच्या, म्हणजे खिंडीवरच्या देवाच्या ठाण्याच्या, दगडांवर पताकांच्या ज्या दोऱ्या फडफडतात, त्यातल्या सगळ्यात खालच्या दोरीला बांधायची. शेवटी स्तोबदान येणार, पिवळ्या चिंध्या मोजणार, आकडा जमला तरच उताराला लागणार. माणूस कधी खडकाआड बसतो, कधी फोटोसाठी रस्ता सोडतो, कधी चक्कर येऊन आडोशाला पडतो. मागून येणाऱ्याच्या नजरेतून तो सुटू शकतो. दोरीतून सुटत नाही.

"स्वतःच्या हाताने बांधायची," हे तो रोज सकाळी सांगायचा. "मित्राकडे द्यायची नाही. नवऱ्याने बायकोची बांधायची नाही. स्वतःच्या हाताने." मी तोवर चहाचे पेले विसळत असायचो आणि मागून त्याची नक्कल करायचो.

त्या वर्षी सप्टेंबरात सात जण होते. सहा तरुण आणि एक गुहादादा, कोलकात्याचे, पोस्टातून निवृत्त झालेले. तीन वर्षं या प्रवासासाठी ते पहाटे उठून पुलावरून सायकल चालवत होते म्हणे. बायको वारल्यावर सुरू केलं. माणूस गोड. माझ्या हातचा मिठाचा चहा पिताना तोंड वाकडं करायचे आणि वर दुसरा पेला मागायचे.

डेब्रिंगच्या तंबूतून सकाळी सायकली निघाल्या तेव्हा टागलांग लाची खिंड दिसत नव्हती. ढग खिंडीवर बसून होता. स्तोबदानने आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आज वाऱ्याला वास आहे."

"तुझ्या मोज्यांचा असेल," मी म्हणालो. पण मीही आभाळाकडे बघितलं. सप्टेंबरातलं आभाळ आम्हाला कळतं.

दोन तासांनी मी गाडी घेऊन निघालो. एकेकाला मागे टाकत, हात करत वर चाललो. खिंडीच्या अलीकडे चारेक किलोमीटरवर गुहादादा भेटले. सायकल दगडाला टेकवून उभे होते. ओठ राखाडी. स्तोबदान बराच मागे होता. सगळ्यात मागच्या तरुणाची साखळी तुटली होती, ती जोडत बसला होता.

मी गाडी थांबवली. "दादा, बसा आत. वर सोडतो."

"नाही हो. गाडीतून जायचं असतं तर आलो कशाला?" मग म्हणाले, "डोकं ठणकतंय थोडं. ग्युर्मेत, खरं सांगू? मला वाटत नाही मी पोचेन."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला काय करावं कळेना. मी त्यांना बखोट धरून आत घालायला हवं होतं. डोकं ठणकतंय म्हणणाऱ्या माणसाला खिंडीत एकटं सोडत नाहीत, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण मला आठवली माझी आबी, म्हणजे आजी. गुडघे गेल्यापासून ती कधी खिंडीवर आली नाही. पण कोणीही निघालं की आपली पताका त्याच्या हाती द्यायची. दुसऱ्याची पताका वर नेऊन बांधणं हे आमच्याकडे मोठं पुण्याचं काम. आणि आबी म्हणायची की पताका वर गेली की ती मागे राहिलेल्याला ओढून घेते.

"द्या ती चिंधी इकडे," मी म्हणालो. "तुमच्याआधी तीच वर जाऊ दे. मग तुम्हाला यावंच लागेल. आमच्या आबीचं शास्त्र आहे."

ते हसले. त्यांनी हँडलवरची पिवळी चिंधी सोडली आणि माझ्या हातात दिली. मी वर गेलो, ती दोरीला घट्ट बांधली, "की की सो सो, ल्हारग्यालो!" म्हणून ओरडलो. देव जिंकोत. मला छान वाटत होतं. स्तोबदानची मोजणी माझ्या डोक्यात आलीच नाही. त्याचा तो नियम पाहुण्यांसाठी, आपल्यासाठी थोडाच, असंच मी धरून चाललो होतो.

पलीकडे आठ किलोमीटर उतरून मी जेवण मांडलं तोवर वर बर्फ सुरू झालं होतं. एकेक जण उतरून आला, पांढरा झालेला, दात वाजवत. सहावा तो साखळीवाला. सगळ्यात शेवटी स्तोबदान, सायकल हातात धरून. त्याने पेला घेतला आणि माणसं मोजली. पुन्हा मोजली.

"दादा कुठे?"

सगळे रस्त्याकडे बघू लागले.

"मी दोरीवर सात मोजल्या," स्तोबदान म्हणाला. "म्हणजे खिंड ओलांडली त्यांनी. म्हणजे वर ते इथे यांच्या मधे आहेत." त्याने दरीकडे पाहिलं. त्या आठ किलोमीटरांत रस्त्याला कठडा नाही. "खाली गेलेत," तो हळू म्हणाला.

मी मान खाली घालून पातेलं ढवळत राहिलो.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोललास? मीही स्वतःला हेच विचारतो. सहा पाहुणे माझ्याकडे बघत होते. वीस वर्षं ज्याला घाबरट म्हणून हिणवलं तो समोर उभा होता. मी मनात म्हणालो, दादा पोचले असतील. आबीच्या पताकेने ओढून आणले असतील. मग कुठेतरी इकडेच घसरले असतील. म्हणजे बघा, माझी चूक लपावी म्हणून तो गोड माणूस दरीत पडलेला मला चालणार होता. भीती माणसाला कुठवर नेते ते मला त्या दिवशी कळलं.

तरुणांना रुम्त्से गावाकडे धाडून दिलं आणि आम्ही दोघं गाडीने वर शोधत निघालो. प्रत्येक वळणावर स्तोबदान उतरायचा, काठावर पालथा पडून खाली बघायचा, हाका मारायचा. वारा हाका खाऊन टाकत होता. असं चाळीस मिनिटं चाललं. मी चाक धरून बसलो होतो आणि दर वळणाला म्हणत होतो, पुढच्या वळणावर सांगू.

पाचव्या की सहाव्या वळणावर खाली काहीतरी निळं दिसलं. दादांचं जाकीट निळं होतं. मी काही म्हणायच्या आत स्तोबदान काठावरून खाली उतरला. जो माणूस डांबरी रस्त्यावर वळण पायी उतरायचा, तो सुट्या दगडांच्या घसरणीवर, ताज्या बर्फात, चारही हातापायांवर खाली चालला होता. दगड सुटायचे आणि खाली जायचे, खाली पोचल्याचा आवाज यायचा नाही. एकदा त्याचा पाय गेला. तो पोटावर घसरला, दहा-बारा हात, आणि एका खडकाला अडकून राहिला. त्या निळ्याचं टोक वाऱ्याने उचललं. ती फाटकी ताडपत्री होती.

"आचो!" मी किंचाळलो. "वर ये! तिथे नाहीत ते! ते पलीकडे आहेत! चिंधी मी बांधली, मी!"

तो कसा वर आला मला माहीत नाही. मी रस्त्यावर गुडघे टेकून बसलो होतो आणि लहान पोरासारखा रडत होतो. सगळं ओकलो. आबी, चिंधी, राखाडी ओठ, चार किलोमीटर. त्याच्या हनुवटीतून रक्त येत होतं. तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने फक्त घड्याळ पाहिलं.

"ऊठ," तो म्हणाला. "गाडी घे."

वरून तिसऱ्या वळणावर एक ट्रक घसरून रस्त्यात आडवा झाला होता. त्याचा ड्रायव्हर चाकांखाली दगड लावत देवाचं नाव घेत होता. गाडी जाणं शक्यच नव्हतं. स्तोबदानने आपली सायकल काढली, मग जादा सायकल काढून माझ्याकडे ढकलली.

"मी? आचो, मी दहा वर्षांत सायकलवर बसलो नाही."

"मला एकट्याला ते उचलवणार नाहीत."

मग त्याने खिशातून पिवळ्या चादरीचा उरलेला तुकडा काढला, दातांनी फाडला आणि माझ्या मनगटाला बांधला. "वर बांध," म्हणाला. "स्वतःच्या हाताने."

त्या चढाबद्दल मी फार सांगू शकत नाही. अर्धा वेळ सायकल ढकलली, अर्धा वेळ तिच्यावर लोंबकळलो. श्वास घ्यायचो, पण तो छातीत उतरत नव्हता. बर्फ आडवं येत होतं. पुढे स्तोबदानची पाठ दिसायची, मग दिसेनाशी व्हायची आणि मी एकटा उरायचो. मग मला त्याचा धाकटा भाऊ आठवायचा. हे असंच झालं असणार त्याचं, मला वाटायचं. मी हाका मारायचो आणि पुढून उत्तर यायचं, "आहे! चाल!" एकदा उत्तर आलं नाही. मी रस्त्यात उभाच राहिलो. मग तो परत आला, माझी कॉलर धरली आणि ओढत नेलं.

वर पोचलो तेव्हा बोटं मेली होती. मनगटावरची गाठ दातांनी सोडवली. ल्हातोच्या खालच्या दोरीवर सात पिवळ्या चिंध्या ताठ उडत होत्या. मी आठवी बांधली. स्तोबदान तोवर थांबला, गाठ बघितली. मग त्याने सायकलवर टांग टाकली.

"आचो, उतार आहे," मी म्हणालो. मूर्खासारखा.

"दिसतोय."

आणि तो गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला खिंडीचा उतार सायकलवर बसून उतरताना पाहिलं. बर्फावर, समोरचं काही दिसत नसताना. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर घासत होते आणि तोंडाने तो काहीतरी मोठमोठ्याने पुटपुटत होता. प्रार्थना असेल असं वाटलं होतं. वारा वळला तेव्हा नीट ऐकू आलं. तो आपल्या भावाचं नाव घेत होता.

मी मागून पडत, उठत, पुन्हा पडत गेलो. जिथे दादा भेटले होते तो दगड सापडला. दगडापाशी कोणी नव्हतं. मला वाटलं संपलं. पण स्तोबदान रस्त्याखाली बघत होता. तिथे सडकेच्या मजुरांनी डांबराची रिकामी पिंपं ठोकून केलेली एक झोपडी होती, कधीच सोडून दिलेली. तिच्या दारातून सायकलचं चाक बाहेर आलं होतं. मघाशी वर चढताना स्तोबदान तिच्याजवळूनच गेला असणार, पण त्या वेळी बर्फात स्वतःचा हातही दिसत नव्हता.

दादा आत बसले होते, डोक्यावर हेल्मेट, भिंतीला टेकून. हातमोजे काढून नीट घडी करून मांडीवर ठेवले होते. जाकिटाची चेनही उघडी. थंडी शेवटाला आली की माणसाला उकडतं, हे मी ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. मी दारातच थिजलो. स्तोबदानने त्यांच्या नाकाशी गाल नेला आणि तसाच राहिला. किती वेळ ते सांगता येत नाही.

"आहे," तो म्हणाला.

त्यांना आम्ही आमच्या दोघांच्या मधे घेतलं, चोळलं, थोबाडीत मारल्या, शिव्या दिल्या. ते बंगालीत कोणाशी तरी बोलायला लागले, बायकोशी असावं. अंधार पडायच्या आत खालून सडकेवाल्यांचा पाण्याचा टँकर आला. त्याच्या केबिनमध्ये घालून त्यांना खाली नेलं. टँकरमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर आणि पाय स्तोबदानच्या पोटाशी, सदऱ्याच्या आत.

मी म्हणालो, "आचो, मालकांना मी सांगतो. माझी चूक आहे."

त्याने मान वर केली नाही. "चिंधी बांधताना मनात काय होतं तुझ्या?"

"दादांनी पोचावं."

"मग गप्प बस. चांगल्या मनाने बांधलेल्या पताकेवर पाप चढवू नकोस. मोजणारा मी होतो. मोजणी माझी."

आणि मी गप्प बसलो. मला बरं वाटलं, हेही लिहूनच टाकतो. मोठ्या ओझ्याखालून सुटल्यासारखं वाटलं.

दादा वाचले. पायाची दोन बोटं गेली. त्या दिवसाचं त्यांना काहीच आठवेना. सकाळचा चहा आणि मग थेट इस्पितळ. हे डॉक्टरने सांगितलं तेव्हाही मला बरं वाटलं होतं. मालकांनी स्तोबदानला बोलावलं. तो म्हणाला, "सहा होत्या, मी सात मोजल्या." मालक म्हणाले, ज्याला सातपर्यंत मोजता येत नाही तो माणूस मला नको. मी बाहेर गाडी पुसत होतो.

याला आता नऊ वर्षं झाली. स्तोबदान उपशीला सायकली दुरुस्त करतो. येणारेजाणारे वाटाडे त्याच्याकडे थांबतात. नवी पोरं चांगली आहेत, आम्हाला आझांग, म्हणजे मामा म्हणतात, पण जिभेला हाड नाही.

"आझांग, पाना दे. सात नंबरचा. आठचा देशील हं, तुझा भरवसा नाही!"

तो हसतो. पूर्वी मी हिणवायचो तेव्हा हसायचा तसाच.

गेल्या महिन्यात मला ते सहन झालं नाही. चहाचा पेला खाली ठेवला आणि उठून उभा राहिलो. "गप्प बसा रे," मी म्हणालो. "यांची मोजणी बरोबर होती. दोरीवर सात होत्या. सातवी मी बांधली होती, दादांच्या नावाची. चूक माझी होती आणि चाळीस मिनिटं मी तोंड उघडलं नाही."

पोरं माझ्याकडे बघायला लागली. स्तोबदान चाकाच्या तारा पिळत होता, थांबला नाही.

"ऐका याचं," तो म्हणाला. "म्हातारपणी मित्राची अब्रू वाचवायला खोटं बोलायला शिकला. अरे ग्युर्मेत, थोडं आधी तरी शिकायचंस!"

सगळे हसले. एकाने तर माझी पाठ थोपटली. "आझांग, मित्र असावा तर असा," म्हणाला. मी स्तोबदानकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खम्बीर रोटीचा तुकडा मोडून माझ्या पेल्याशेजारी ठेवला, आणि वाकून त्या सायकलचा ब्रेक ओढून बघितला. मग पुन्हा एकदा. मग तिसऱ्यांदा.

तोंडाने सांगून कोणाला पटत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे. त्या दिवशी बर्फात, गोठलेल्या बोटांनी, भावाची आठवण छातीत घेऊन त्या माणसाने दोरीवरच्या चिंध्या सात मोजल्या. सातच होत्या.